क्रोमच्या बंपरची ओढ

दसऱ्याला तुळजापुरात गाड्यांना झेंडूचे हार चढतात. त्या रांगेत एखादी जुनी पद्मिनी असेल, तर नजर आधी जाते ती तिच्या क्रोमच्या बंपरवर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही निवृत्त झाली.

पद्मिनी काही स्पोर्ट्स कार नव्हे. पण या बंपरप्रेमाची खरी गंमत इंग्लंडच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये दिसते. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी 1974 मध्ये तिला जाडजूड काळे रबरी बंपर बसले, गाडी थोडी उंचही झाली. चाहत्यांना ते रुचलं नाही. कित्येक जण आजही घरच्या गॅरेजात ते उतरवून क्रोमचे चढवतात. त्यासाठी ब्रॅकेटही बदलावे लागतात.

काम सबुरीचं आहे. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल पाजायचं, उगाच जोर लावला की बोल्ट मोडलाच! बंपर दोघांनी धरायचा, बोल्ट आधी सैलसरच ठेवायचे, दोन्ही टोकांचं अंतर पट्टीनं मोजायचं आणि मगच पान्यानं बोल्ट आवळायचे.

क्रोमचा जुना बंपर वाचत असेल तर जरूर वाचवावा. मात्र निकेल-क्रोमचा मुलामा प्लेटिंगवाल्याकडूनच करून घ्यावा. त्यातली रसायनं घरात आणण्याजोगी नाहीत.