अमरत्वाची शिक्षा

ओसाड किल्ले, तळघरे आणि थडगी यांच्या पार्श्वभूमीवर भय आणि अद्भुत यांची सांगड घालणाऱ्या कथाप्रकाराला गॉथिक म्हणतात. त्यातील व्हॅम्पायर, म्हणजे जिवंतांच्या रक्तावर जगणारे प्रेत, वाचकाला भिववूनही आपल्याकडे का ओढते, हा प्रश्न केवळ साहित्यरुचीचा नसून मृत्यू आणि मुक्ती यांविषयीच्या धारणांना भिडणारा आहे.

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत त्याचे एक उत्तर सापडते. ख्रिस्ताचे रक्त म्हणून द्राक्षरस ग्रहण करणाऱ्याला शाश्वत जीवन लाभते, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. कादंबरीतील व्हॅम्पायर ड्रॅक्युला मात्र मीना या नायिकेला आपल्या छातीतील रक्त बळजबरीने पाजतो, आणि पुढे ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीचा स्पर्श होताच तिचे कपाळ भाजते. ख्रिस्ती संस्काराचे बाह्य रूप येथे टिकते, पण आत्मदानाची जागा अपहार घेतो. घरातील कोणी बोलावल्याखेरीज व्हॅम्पायरला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही, या नियमातूनही दुष्टतेला वाट कोणीतरी माणूसच करून देतो, हे सूचित होते.

तरीही कादंबरीचा नैतिक कळस करुणेत आहे: सर्वाधिक सोसलेली मीनाच ड्रॅक्युलाविषयी दया बाळगण्यास सांगते आणि अखेरच्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर उमटलेल्या शांतीची नोंद करते. म्हणून या कथांची ओढ विकृती मानणे अन्यायाचे ठरेल. अमरत्वाची हाव बाळगणारा वाचक त्यांच्यामुळेच मर्यादित आयुष्याचे मोल जाणू लागतो.