एक बर्थ, अनेक मागणारे

नवापूर आणि नंदुरबार यांच्या मधलं खांडबारा हे सुरत–भुसावळ मार्गावरचं स्थानक. इथला प्रवासी मोबाइलवर आरक्षण करत असतो, तेव्हा गाडीतला शेवटचा बर्थ त्याच क्षणी सुरतेच्या खिडकीवरूनही मागितला जात असू शकतो. तो दोघांना जाता कामा नये आणि रिकामाही राहता कामा नये.

संगणकाआधी रेल्वेनं हा पेच वाटणी करून सोडवला होता. जाड नोंदवह्या, स्थानकागणिक कोटा, परतीच्या आरक्षणासाठी तार. वाटणीमुळे गोंधळ टळे, पण एकीकडे प्रतीक्षायादी लांबत जाई आणि दुसरीकडचा कोटा पडून राही.

१९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं. पुढे मोठ्या शहरांत केंद्रं उभी राहिली, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ प्रणाली घडवली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली.

अनेक यंत्रांनी एकच माहिती हाताळायची, तर खरी अडचण ताकदीची नसते, समन्वयाची असते. त्यासाठी ‘डिजिटल’ नावाच्या संगणक कंपनीनं १९८३ मध्ये अनेक यंत्रं जोडणारा ‘व्हॅक्सक्लस्टर’ आणला. रेल्वेचं आरक्षण याच कंपनीच्या यंत्रांवर वाढलं. हाच समन्वय साधण्यासाठी आयबीएमनं १९९४ मध्ये मेनफ्रेम या मोठ्या संगणकांसाठी ‘पॅरलल सिसप्लेक्स’ दिला. त्यात ३२ प्रणालींपर्यंत जोडता येतात आणि ‘कपलिंग फॅसिलिटी’ हा सामायिक भाग कोणत्या माहितीचं कुलूप कोणाकडे आहे याचा हिशेब ठेवतो. माहितीतली एखादी नोंद बदलण्याआधी यंत्रानं तिचं कुलूप, म्हणजे ती बदलण्याचा तात्पुरता हक्क, मागायचं. ते दुसऱ्याकडे असेल तर थांबायचं. नोंद बदलली की इतरांजवळची जुनी प्रत रद्द ठरते. सगळ्यांचं घड्याळ एकच, नाहीतर आधी कोण आणि नंतर कोण हे ठरणारच नाही. एखादं यंत्र मध्येच बंद पडलं, तर त्यानं धरलेली कुलपं तशीच राहतात. त्याचा अर्धवट व्यवहार निस्तरल्यावरच ती सुटतात. या रचनेतली सर्वांत विचारी गोष्ट हीच: अपघातातही खोटी नोंद मागे राहू द्यायची नाही.

कोटे मात्र आजही आहेत. लांबच्या प्रवाशाला जागा राहावी, मधल्या स्थानकांनाही वाटा मिळावा, यासाठी ते ठेवलेले आहेत, आणि हा हेतू रास्त आहे. पण आता कोटा ही यंत्राची मर्यादा उरलेली नाही. तो धोरणाचा निर्णय आहे. म्हणून मधल्या स्थानकांचा वाटा ठरवताना रेल्वेनं तिथल्या प्रवाशांचं म्हणणं ऐकावं, खांडबाऱ्याचंही.