ठसका कुणाच्या कर्माचा?

पारशी धर्मग्रंथ वेंदिदादच्या पंधराव्या प्रकरणात काही पापं सांगितली आहेत. त्यातलं एक असं: धनगराच्या किंवा घराची राखण करणाऱ्या कुत्र्याला कुणी फार कठीण हाड दिलं, फार गरम अन्न घातलं, ते हाड दातांत रुतलं किंवा घशात अडकलं, तोंड पोळलं आणि त्यापायी कुत्र्याला इजा झाली, तर देणारा मोठ्या पापाचा धनी होतो. कुत्र्याने मागच्या जन्मी काय केलं होतं, तो कुठली शिक्षा भोगतोय, हा प्रश्न तिथे येतच नाही. घास देणारा हात कुणाचा, एवढंच पाहिलं जातं. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्या संतापामागे ही धर्मदृष्टी होती. मांडीवरच्या लहानशा कुत्र्याला अचानक उमळून येतं, ढास लागते, श्वास अडकल्यासारखा होतो, तेव्हाही हाच जुना प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं. हा ठसका कुणाच्या खात्यावर मांडायचा?

उत्तराआधी ठसका कसला आहे ते पाहावं लागतं, कारण सगळे सारखे नसतात. कुत्रं मान ताणून, कोपरं बाहेर काढून उभं राहतं आणि नाकाने घोरल्यासारखा आवाज करत हवा आत ओढतं, तेव्हा घरचे घाबरतात. पण ही बहुधा उलटी शिंक असते. मिनिटभरात थांबते आणि कुत्रं काहीच न झाल्यासारखं शेपूट हलवत निघून जातं. अशा वेळी शांत राहून गळ्यावरून हळुवार हात फिरवला तरी पुरतं. बोर्डिंगमध्ये राहून आल्यावर सुरू झालेला कोरडा खोकला, शेवटी ओकारी काढून पडणारा पांढरा फेस, हा बहुतेकदा संसर्ग असतो. पंजाने तोंड ओरबाडणं, श्वास न येणं, हिरड्या निळसर पडणं ही मात्र खरी आणीबाणी. तोंड उघडून बघायचं आणि अडकलेली वस्तू स्पष्ट दिसली तरच काढायची. न बघता बोट घातलं तर ती आणखी आत सरकते. दिसत नसेल तर वेळ न दवडता दवाखाना गाठायचा. आणि माणसांसाठीची खोकल्याची किंवा तापाची औषधं डॉक्टरांना न विचारता कधीच द्यायची नाहीत.

इथवर कुणाला दोष द्यावा असं फारसं काही नाही. जंतू कुणालाही गाठतात, हाड कुठल्याही कुत्र्याच्या घशात अडकू शकतं. पण छोट्या जातींच्या बाबतीत आणखी एक ठसका आहे, आणि माझा मुद्दा तिथून सुरू होतो. गळ्यातला पट्टा ओढला गेला, कुत्रं आनंदाने उड्या मारू लागलं, उन्हाळा वाढला किंवा नुसतं पाणी प्यायलं, की राजहंसाच्या ओरडण्यासारखा कर्कश खोकला येतो. श्वासनळी उघडी ठेवणाऱ्या, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात आणि नळी चपटी होत जाते. यॉर्कशायर टेरिअर, पॉमेरेनियन, चिहुआहुआ या जातींत हा विकार पुन्हा पुन्हा दिसतो. पगचं दुखणं निराळं: तोंडच इतकं आखूड की मऊ टाळू आणि जीभ तेवढ्या जागेत मावत नाहीत. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिअलमध्ये खोकल्याचं मूळ अनेकदा हृदयाच्या झडपेत असतं. हे सगळं निसर्गाने आपणहून घडवलेलं नाही. विल्यम होगार्थने 1745 मध्ये काढलेल्या स्वतःच्या चित्रात त्याचा पग शेजारी बसलेला आहे. त्याचं नाक आजच्या पगपेक्षा सरळसरळ लांब आहे. पॉमेरेनियन एके काळी चांगला थोराड कुत्रा होता. राणी व्हिक्टोरियाने लहान चणीची पॉमेरेनियन पाळली, तशी फॅशन निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडून तो ओंजळीत मावेल इतका केला गेला. आपल्याकडे 2003 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग दिसला आणि थंड हवेतही धापा टाकणारं हे जनावर आपल्या मे महिन्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलं.

आता पहिला आक्षेप, आपल्या परंपरेतला आणि म्हणून सगळ्यात वजनदार. प्रत्येक जीव आपल्या कर्माचं फळ भोगतो. त्या जीवाला श्वानयोनी मिळाली, त्यात दुबळा घसा मिळाला, तो त्याच्या संचिताचा भाग, माणूस निमित्तमात्र. हा युक्तिवाद हलका नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा आणि क्रूरपणाचा आरोप येतो, तेव्हा उत्तर हेच आहे: ईश्वर जीवांच्या कर्मानुसार सृष्टी करतो, म्हणून तो दोषी नाही. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो. भात उगवायचं की जव, ते बियाण्यावर ठरतं. पण नेमका हाच दाखला पिल्लं काढणाऱ्याच्या विरुद्ध जातो. तो सगळ्यांवर सारखा बरसत नाही. तो बी निवडतो. सर्वांत चपट्या नाकाचा नर आणि सर्वांत चपट्या नाकाची मादी शोधून जुळवतो, कारण बाजारात त्यालाच भाव आहे. ईश्वराला निर्दोष ठरवणारा बचाव त्याच्या पदरात पडत नाही. शिवाय निमित्त होणाऱ्याचं कर्म त्याच्याच नावावर जमा होतं हे कर्मसिद्धान्तच सांगतो, नाहीतर खून करणाराही निमित्तच म्हणायचा.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी अधिक नेमकेपणाने हाताळला आहे. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरं का? बुद्ध ते मान्य करत नाही. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, चुकीची निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणं तो मोजतो. कर्म त्या आठांतलं एक. बाकीच्या सातांपैकी चुकीची निगा आणि आघात यांच्यात माणसाचा हात थेट असू शकतो. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा धागा पुढे नेला. शरीर आई-बापांकडून येतं, हे विज्ञान सांगत असताना त्याचा हिशेब गतजन्माशी कसा जोडायचा, हा त्यांचा प्रश्न. आणि असा हिशेब मांडल्याने समाजाची दीनदुबळ्यांबद्दलची जबाबदारी सुटते, हा त्यांचा आरोप. ते माणसांबद्दल बोलत होते. पण आनुवंशिकतेचा मुद्दा कुत्र्याच्या घशाला जितका चपखल लागू होतो तितका क्वचितच दुसरीकडे होईल, कारण तिथे ते आई-बापही आपणच ठरवलेले असतात.

दुसरा आक्षेप पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातला आहे आणि तो चतुर आहे. डेरेक पारफिटने 1984 मध्ये त्याची नीट मांडणी केली. आखूड नाकाची निवड झाली नसती तर हा विशिष्ट पग जन्मालाच आला नसता. त्याच्या जागी दुसरंच कुत्रं आलं असतं. मग ज्या कृतीमुळे त्याला जगायला मिळालं त्याच कृतीने त्याचं नुकसान झालं असं कसं म्हणायचं? आणि तो तर खेळतो, खातो, मालकाला पाहून नाचतो. मला वाटतं, इथे चूक हिशेबाच्या जागेची आहे. आधी झालेलं नुकसान मोजायचं आणि मग ते झेलणारा शोधायचा, अशी रीत गृहीत धरली जाते. पण निवडणाऱ्यासमोर दोन वाटा होत्या: मोकळा श्वास घेणारं पिल्लू आणि धापा टाकणारं पिल्लू. दुसरी वाट त्याने चेहरा गोंडस दिसावा म्हणून घेतली. दोष त्या निवडीत आहे; त्यासाठी पिल्लाने तक्रार करायला यायची गरज नाही. राहिला आनंदाचा मुद्दा. तो आनंद कुत्रेपणाचा आहे, आखूड नाकाचा नाही. गल्लीतलं गावठी कुत्रंही तितकंच नाचतं, आणि नाचून झाल्यावर त्याला धाप लागत नाही. प्राण्यांना यातना कळतच नाहीत, या देकार्तच्या काळापासूनच्या समजुतीला उत्तर देत बसायची आज गरज नाही.

उरतो तो सर्वांत प्रामाणिक आक्षेप: आम्ही त्याच्यावर प्रेम करतो, आम्हाला हे माहीत नव्हतं. जैन विचारात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमादामुळे होणाऱ्या प्राणहानीलाच हिंसा म्हटलं आहे. पिल्लू आणताना माहिती नसेल, हे समजू शकतं. पण ढास सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी श्वासनळीचं नाव घेतल्यावर, न कळण्याची सवलत संपते. मग गळ्यातला पट्टा काढून छातीला बसणारा हार्नेस घालणं आणि वजन उतरवणं हा धर्मच ठरतो. चहाबरोबर चार बिस्किटं त्याला, तूप लावलेली पोळी त्याला, ‘बघतो कसा बिचारा’ म्हणून आणखी एक घास, हे लाड त्याच्या नळीवर चरबीचा भार टाकतात. वेंदिदादमधल्या गरम घासाचं पाप आणि हे बिस्किट यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. एवढाच, की इजा तिथे तात्काळ होते आणि इथे दोन-तीन वर्षांनी.

घरात आहे त्या कुत्र्याला आता दुसरा घसा देता येत नाही, आणि त्याला सांभाळणाऱ्यांनी अपराधी वाटून घ्यावं असंही मी म्हणत नाही. त्याची निगा राखणं यापरता दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नाही. जबाबदारी ठरते ती पुढच्या पिल्लावर. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये निकाल दिला, की तिथे तेव्हा ज्या पद्धतीने कॅव्हेलियरची पैदास होत होती ती प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध होती. आपल्याकडे तसा निकाल येईपर्यंत निकाल गिऱ्हाइकाच्या हातात आहे. म्हणून पिल्लू घ्यायचंच असेल तर आधी त्याच्या आई-बापांना बघायला मागा, त्यांना जिना चढवा आणि वर पोचल्यावर त्यांचा श्वास ऐका. विकणारा त्यांना दाखवायला तयार नसेल, तर ते पिल्लू घेऊ नका.