वनवास की तडीपारी?

"तळ्याकाठची एवढी मोठी गढी, दिमतीला नोकरचाकर, पंगतीला युरोपभरचे विद्वान. याला वनवास म्हणायचं?" लेखिका मादाम द स्तालचा विषय निघाला असताना कुणीतरी सहज टाकलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाही.

तिचं आणि नेपोलियनचं वैर सर्वांना ठाऊक आहे. पण शिक्षेचा हुकूम नीट पाहावा. १८०३ मध्ये तिला बजावण्यात आलं, की पॅरिसपासून चाळीस लीगांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या आत फिरकायचं नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे : तडीपारी. वनवासात माणूस कुठे गेला हे महत्त्वाचं. तडीपारीत त्याला कुठून उपटलं हे. आपले पोलीस गुंडाला जिल्ह्याबाहेर काढतात ते त्याचा इलाखा तुटावा म्हणून. स्तालचा इलाखा होता पॅरिसमधला तिचा दिवाणखाना.

बोलताना बोटांत हिरवी डहाळी फिरवत राहायची तिची सवय होती. जेरारने काढलेल्या तिच्या चित्रातही ती डहाळी आहे. विचार आधी बोलण्यात घासून घ्यायचा आणि मग कागदावर उतरवायचा, ही तिची रीत. समोर खोडून काढणारं माणूसच नसेल, तर अशा लेखिकेला गढी काय कामाची?

तरी आक्षेपात तथ्य आहे. वडील जाक नेकेर सोळाव्या लुईचे अर्थमंत्री; पैशाची ददात नव्हती. शिवाय पॅरिस बंद झालं म्हणूनच ती वायमारला गेली, गटे-शिलरना भेटली आणि 'जर्मनीविषयी' हा ग्रंथ झाला. हद्दपारीने तिचं भलंच केलं, असं म्हणण्याचा मोह होतो.

तो १८१० पर्यंतच टिकतो. त्या ग्रंथाच्या छापलेल्या दहा हजार प्रती पोलिसांनी जप्त केल्या आणि त्यांचा लगदा केला. या देशाची हवा तुम्हाला मानवत नाही, असं पोलीसमंत्री साव्हारीने तिला कळवलं.

पुढचं वर्ष पाहिल्यावर तडीपारी हा शब्दही तोकडा पडतो. तळ्याकाठच्या त्याच, कोप्पेच्या गढीत तिला भेटायला आलेल्या मात्यू द मोंमोरांसी आणि ज्युलिएत रेकामिए या स्नेह्यांनाही पॅरिस बंद झालं. रामाबरोबर सीता आणि लक्ष्मण गेले, पण सोबत केली म्हणून त्यांना कुणी दंड केला नव्हता. इथे तिचा उंबरा ओलांडणं हाच गुन्हा. येऊ नकोस, अशी विनवणी तिने स्वतःच रेकामिएला केली होती. आपल्याच मैत्रिणीला दारातून परतवावं लागणं, हे कुठल्या वनवासात बसतं?

२३ मे १८१२ रोजी ती फेरफटक्याला निघाल्यासारखी गाडीत बसली. सामान नाही, हातात फक्त पंखा. जायचं होतं इंग्लंडला. पण मधल्या मुलखावर नेपोलियनची सत्ता, म्हणून व्हिएन्ना, कीव, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, स्टॉकहोम असा वळसा. 'जर्मनीविषयी' अखेर १८१३ मध्ये लंडनमध्ये छापून निघाला, फ्रेंच भाषेतच.