भांबुर्ड्याचा आश्रम, करंजियाची झोपडी

खेड्यातल्या जुन्या चर्चचं ‘रिट्रीट सेंटर’ करायचं ठरलं की पहिली चर्चा छपराची होते. कौलं, रंग, पाहुण्यांच्या खोल्या. तिथे कायमचं राहणार कोण, हे सर्वांत शेवटी विचारलं जातं. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, नाहीतर प्रार्थनेच्या नावाने एक शांत लॉज उभं राहतं.

पुण्याच्या एका आश्रमाचं उदाहरण घ्या. त्याची गोष्ट साताऱ्यापासून सुरू होते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले. अहमदनगरला काम केलेला इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो त्यांच्या प्रभावाखालचा. त्याने टिळकांचं चरित्रही लिहिलं. 1922 मध्ये त्याने ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे संघाचा आश्रम भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला आला. तेव्हा ते पुण्याबाहेरचं खेडंच. गोरे आणि हिंदी बंधू एकाच पंगतीत जेवायचे. त्या काळी ही बाब एखाद्या प्रवचनापेक्षा मोठी होती.

पुढे संघ फुटला, बंधू विरळ होत गेले. 1972 मध्ये ‘ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम’ पुन्हा उभा राहिला तो कौलं बदलून नव्हे. वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्टच्या कॅथलिक भगिनी एका छपराखाली राहू लागल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वारं मोकळं केलं होतं. 1970 मध्ये नागपुरात अँग्लिकन आणि इतर प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं होतं. तरीही प्रभुभोजन दोन्हीकडच्या भगिनींनी एकत्र घ्यायला कॅथलिक नियमांची आडकाठी होतीच. या अडचणीसकट त्यांनी रोजची प्रार्थना एकत्र चालवली, तीत उपनिषदांचं वाचनही आणलं. पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी सुरुवातीच्या आचार्या. नंतर अनेक वर्षं सारा ग्रँट. कॅथलिक संन्यासिनी असून सारा शांकर वेदान्तात मुरलेल्या होत्या. ध्यानाला येणाऱ्या पाहुण्याला इथे नुसती शांतता मिळत नव्हती. सुटू न शकलेला एक पेच रोज जगणारी माणसं भेटत होती.

इथवर माझं म्हणणं सोपं आहे. पण याच आश्रमातून, संघाच्या सुरुवातीच्या काळात निघालेली दुसरी वाट ते अवघड करते.

मध्य प्रदेशात नर्मदा अमरकंटकहून दिंडोरी, मंडल्यावरून उतरते. त्या वरच्या खोऱ्यात, करंजियाला, 1932 मध्ये पुण्याच्या संघातले दोघे राहायला गेले: इंग्रज धर्मगुरू व्हेरिअर एल्विन आणि मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे. (एल्विनविषयी आपण पुष्कळ वाचतो, हिवाळ्यांना मात्र मराठीनेही फारसं विचारलेलं नाही.) संत फ्रान्सिसच्या नावाने झोपड्यांचा आश्रम, त्यात छोटं प्रार्थनाघर, जोडीला दवाखाना, शाळा, कुष्ठरुग्णांची सोय. एल्विन गांधींच्या बाजूचा. बादशहाशी निष्ठेची शपथ तो घेईना, म्हणून नागपूरच्या बिशपने त्याला धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना दिला नाही. तिथल्या गोंड आदिवासींना ख्रिस्ती करण्यातही त्याला रस नव्हता. 1935 मध्ये त्याने चर्चच सोडलं.

म्हणजे इथे राहणारे टिकले आणि प्रार्थनाघर मागे पडलं. याला अपयश म्हणावं, तर शामरावांचा दवाखाना आड येतो. ते गोंड-परधानांमध्येच राहिले, आणि वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवरचं त्यांचं पुस्तक 1946 मध्ये आलं.