हेलपाटे घालणारी आशा

आजचे वाचन : लूक 18:1-8 आणि स्तोत्र 146



आजचा दाखला आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. एका नगरात एक न्यायाधीश होता. त्याला ना देवाचा धाक, ना लोकांची लाज. त्याच नगरात एक विधवा होती. तिच्या पाठीशी कोणी नाही, वशिला नाही, हातात पैसा नाही. ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जायची आणि न्याय मागायची. आपण म्हणतो ना, कचेरीचे हेलपाटे घालून चपला झिजल्या, तसंच. शेवटी तो न्यायाधीश वैतागला आणि तिचा निकाल लावून मोकळा झाला.

हा दाखला प्रार्थनेविषयी आहे हे लूक पहिल्याच वचनात सांगतो. पण प्रभूने प्रार्थना शिकवताना उदाहरण कोणाचं घेतलं बघा. मंदिरात गुडघे टेकलेल्या बाईचं नाही, तर सत्तेवर बसलेल्या माणसाच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईचं. म्हणून सत्तेपुढे कसं उभं राहावं, हेही या दाखल्यातून शिकता येतं.

या बाईने न्यायाधीशाला कधी चांगला माणूस म्हटलं नाही. आणि तो वाईट आहे म्हणून ती घरीही बसली नाही. या दोन गोष्टी एकत्र धरणं किती अवघड आहे, हे ज्याने मोठ्या आशेने मत दिलं आणि मग निवडून आलेल्या नेत्यानेच ज्याचं मन दुखावलं, त्याला विचारा.

अमेरिकेतलं एक उदाहरण घेऊ. 4 नोव्हेंबर 2008 ला बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. अनेक समलिंगी मतदारांनी त्यांच्यासाठी दारोदार फिरून प्रचार केला होता. पण त्याच दिवशी कॅलिफोर्नियात प्रस्ताव 8 वर मतदान झालं आणि सुमारे 52 टक्के मतांनी समलिंगी विवाहावर बंदी आली. जूनपासून त्या राज्यात अशी सुमारे 18 हजार लग्नं झाली होती. म्हणजे एकाच रात्री आनंदही आणि रडूही.

ही जखम ओली असतानाच, डिसेंबरच्या मध्यावर, बातमी आली की शपथविधीच्या आरंभीची प्रार्थना सॅडलबॅक चर्चचे पाळक रिक वॉरन करणार. वॉरन यांनी प्रस्ताव 8 ला उघड पाठिंबा दिला होता. ओबामा म्हणाले की मी समलिंगी नागरिकांच्या समान हक्कांच्या बाजूचाच आहे, पण मतभेद असलेल्यांनाही एकत्र आणायला हवं. तसं बघितलं तर हे बोलणं वाईट नाही. पण ज्याचं लग्न महिन्याभरापूर्वी मतपेटीत हरलं, त्याला ते कसं लागलं असेल? एकत्र येण्याची किंमत दर वेळी आम्हीच का द्यायची, हाच त्याचा प्रश्न होता. आणि प्रश्न खरा होता.

अशा वेळी मनात दोन आवाज उठतात. पहिला म्हणतो, "आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या, आत्ता काही बोलू नका." दुसरा म्हणतो, "सगळे एकाच माळेचे मणी. यापुढे मत नाही आणि आशाही नाही." पहिला आवाज नेत्याला देव करतो. दुसरा आवाज, तो देव निघाला नाही म्हणून रुसून बसतो. खरं तर दोघांचं दुखणं एकच आहे. दोघांनीही आशा माणसावर टांगली.

स्तोत्र 146 नेमकं इथे बोट ठेवतं. राज्य करणारे कितीही मोठे असले तरी मातीचेच आहेत, श्वास थांबला की त्यांचे बेतही थांबतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका, असं स्तोत्रकर्ता सांगतो. पण पुढे तो काय म्हणतो तेही वाचा. गांजलेल्यांना न्याय देणारा, विधवेला आधार देणारा देव आहे. म्हणजे अधिपतीवर भरवसा नको, पण न्याय मागणं सोडायचं नाही.

त्याच शपथविधीच्या सोहळ्यात, 18 जानेवारी 2009 ला, लिंकन स्मारकापाशी बिशप जीन रॉबिन्सन यांनी प्रार्थना केली. ते स्वतः उघडपणे समलिंगी. त्यांनी देवाकडे अश्रू मागितले, अन्यायाविरुद्ध राग मागितला आणि धीरही मागितला. नवा राष्ट्राध्यक्ष हा माणूस आहे, मसीहा नाही, हे समजण्याची बुद्धी मागितली. ही प्रार्थना टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणात दाखवलीच गेली नाही. तरी त्या दिवसांतलं सगळ्यात गरजेचं वाक्य मला तेच वाटतं.

आणि आता त्या विधवेकडे परत येऊ. कारण या गोष्टीत एक खरीखुरी विधवा आहे.

शपथविधीनंतर अवघ्या 16 दिवसांनी, 5 फेब्रुवारी 2009 ला, न्यूयॉर्कमध्ये थिया स्पायर वारल्या. एडिथ विंडसर आणि त्या 40 हून अधिक वर्षं एकत्र होत्या. 2007 मध्ये कॅनडात जाऊन त्यांनी लग्न केलं होतं. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला ते लग्न मान्य नव्हतं. नवरा गेला असता तर विंडसरबाईंना वारसा कर लागला नसता. बायको गेली म्हणून त्यांना 3 लाख 63 हजार डॉलर भरावे लागले. त्या बाईंनी वयाच्या 81 व्या वर्षी कोर्टाची पायरी चढली. आणि समोर प्रतिवादी कोण? अमेरिकेचं सरकार, म्हणजे ओबामांचंच सरकार.

त्या एकट्या नव्हत्या. ऑक्टोबर 2009 मध्ये हजारो लोक वॉशिंग्टनला मोर्चा घेऊन गेले. ओबामांना मत देणारेच ओबामांना जाब विचारत होते. हळूहळू दार हललं. सैन्यात ओळख लपवून राहण्याची सक्ती रद्द करणाऱ्या कायद्यावर डिसेंबर 2010 मध्ये ओबामांनी सही केली. फेब्रुवारी 2011 मध्ये सरकारने जाहीर केलं की विंडसरबाईंच्या आड येणाऱ्या कायद्याचा बचाव आम्ही कोर्टात करणार नाही. मे 2012 मध्ये ओबामांनी समलिंगी विवाहाला उघड पाठिंबा दिला. 26 जून 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या विधवेला न्याय दिला, आणि बरोबर दोन वर्षांनी, 26 जून 2015 ला, हा हक्क सगळ्या 50 राज्यांत लागू झाला.

पण यावरून "बघा, शेवटी सगळं चांगलंच होतं" असा निष्कर्ष काढू नका. थिया स्पायर यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. 2009 च्या जानेवारीत 2015 कोणाला दिसत नव्हतं. निकाल विरुद्ध लागला असता तरी दार ठोठावणं चूक ठरलं नसतं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल हेच समजावतो, की जे डोळ्यांपुढे आहे त्याची आशा कोण कशाला धरील?

आपल्याकडेही हेच झालं. कलम 377 चं दार 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात उघडलं, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात बंद झालं आणि 2018 मध्ये पुन्हा उघडलं. 2013 नंतरची ती पाच वर्षं ज्यांनी हेलपाटे थांबवले नाहीत, त्यांना हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको.

समलिंगी विवाहाविषयी तुमचं मत वेगळं असेल, मला ठाऊक आहे. तुमच्याशी मी आज वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, की तुमच्या मंडळीत मागच्या बाकावर असा एखादा तरुण, अशी एखादी मुलगी बसलेली असेल. तिला आपण दारातून परत पाठवणारे होऊ नये. न्यायाधीशाची जागा घ्यायला आपल्याला फार वेळ लागत नाही.

आणि तू, जो मागच्या बाकावर बसून हे वाचतो आहेस, तुला सांगतो. रागावला असशील तर राग, पण मत द्यायला जा. ज्याला मत दिलंस त्याला पत्र लिही, जाब विचार, पुन्हा जा. दाखल्याच्या शेवटी प्रभू विचारतो की मी येईन तेव्हा मला विश्वास सापडेल का. त्या विधवेकडे बघून मला वाटतं, तो विश्वास त्याला अजून दार न सोडलेल्या माणसातच सापडेल.

प्रार्थना : हे न्यायी पित्या, माणसांना देव करण्यापासून आम्हांला राख. माणसं चुकली म्हणून तुझ्यावरची आशा सोडण्यापासूनही राख. जे दारात उभे आहेत त्यांच्या पायांत बळ दे, आणि आत बसलेल्यांचे कान उघड. येशूच्या नावाने मागतो. आमेन.