फाळाची तलवार

बायबलमधल्या दोन संदेष्ट्यांचं बोलणं एकमेकांच्या अगदी उलट आहे. लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ बनवतील, अशी आशा यशया देतो. योएल मात्र फाळांच्याच तलवारी करायला सांगतो.

मध्ययुगीन युरोपातल्या लोहारांनी योएलचं ऐकलं. फांद्या छाटायच्या आकडीदार कोयत्याला माणसाहून उंच दांडा बसवला आणि इंग्रज पायदळाचं ‘बिल’ तयार झालं. त्या आकडीनं घोड्यावरच्या चिलखती सरदाराला खाली खेचता येई. गवत कापायच्या लांब विळ्याचं पातं दांड्याच्या रेषेत सरळ केलं की तोही लढाईला सज्ज. लांब दांड्याची सगळीच शस्त्रं काही शेतातून आली नाहीत. भाला मुळातच शिकारीचा आणि युद्धाचा. पण तलवार न परवडणाऱ्याच्या घरात कोयता असतोच.

मग श्रद्धावंतानं तो उचलावा का? हा प्रश्न बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, जिवावर बेतला. 1415 मध्ये धर्मसुधारक यान हुसला जिवंत जाळलं आणि 1420 मध्ये पोपनं त्याच्या अनुयायांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. त्यांचा सेनापती यान झिझ्कानं शेतकऱ्यांना गाड्यांच्या तटाआड उभं केलं. धान्य झोडपायच्या जोडदांडक्यांना लोखंडी खिळे ठोकून त्यांच्या हाती दिले. प्रागच्या पंडितांनी निर्वाळा दिला की ईश्वरी नियमाच्या रक्षणासाठी, मर्यादा पाळून लढणं योग्य आहे.

दक्षिण बोहेमियातल्या पेत्र चेल्चित्स्की या विचारवंताला ते पटलं नाही. त्यानं त्या पंडितांपैकी याकोबेकला गाठून विचारलं, याला धर्मग्रंथात आधार कुठे आहे? याकोबेककडे जुन्या संतांची वचनं होती, ख्रिस्ताचा शब्द नव्हता.

चेल्चित्स्कीशी सहमत होणं सोपं नाही. 1420 मध्येच विट्कोवच्या टेकडीवर मूठभर माणसं, त्यांत बायकाही, धर्मयोद्ध्यांच्या सैन्यासमोर उभी होती. त्यांनी हत्यारं टाकली असती तर प्राग पडलं असतं. तरीही ‘फक्त रक्षणासाठी’ ही मर्यादा टिकली नाही, हे खरं. काही वर्षांतच हुसपंथीयांच्या फौजा शेजारच्या प्रदेशांत लुटालूट करत फिरू लागल्या. 1434 मध्ये लिपानीला तर हुसपंथीयांनीच हुसपंथीयांना कापलं. मवाळ हुसपंथीयांच्या बाजूनं कॅथलिक सरदारही लढले.

चेल्चित्स्कीच्या विचारांवर 1457 मध्ये कुनवाल्डला शस्त्र न धरणाऱ्यांचा बंधुसंघ उभा राहिला. पुढे टॉलस्टॉयनं ‘ईश्वराचं राज्य तुमच्या अंतरी’ या पुस्तकात चेल्चित्स्कीची आवर्जून दखल घेतली. हे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडलं आणि आपल्यावरचा त्याचा खोल ठसा त्यांनी आत्मकथेत नोंदवला.